वरळीचा पत्ता

दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीची तातडीची सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता: माझ्या वडिलांची एका दिवाळी अंकात छापून आलेली कथा. बहुतेक सगळ्या घरांतून कोणी ना कोणी आलं होतं. सभासदांपैकी ती कथा वाचलेले दोघेच होते, आणि त्यांतला एक म्हणजे स्वतः लेखक.

इमारत मीरा रोडच्या शांती नगरात होती, अजून आहे. मी तेव्हा नववीत होते. वडिलांना मी दादा म्हणायचे, कारण वरळीच्या चाळीत सगळेच त्यांना माणिकदादा म्हणत आणि मला बोलायला यायला लागलं तेव्हा तेच कानावर पडलं. दादा फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि कथा लिहायचे. दर दिवाळीला एक मोठी कथा, मधूनमधून मासिकांत लहानसहान. शांती नगरात येऊन आम्हाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि या कथेपर्यंत त्यांची एकही कथा पूर्ण झाली नव्हती. दादांना इथे लिहिता येणार की नाही, हा आमच्या घरातला प्रश्न होता. तो कोणी बोलून दाखवत नव्हतं. सभेच्या दिवशी तो उघड्यावर आला.

वरळीची खोली थोरल्या काकांच्या नावावर होती. चाळीत मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि दारं सकाळी उघडली की रात्री झोपतानाच लागायची. दादा पॅसेजच्या टोकाला, जिन्याजवळ उजेड यायचा तिथे, पत्र्याच्या ट्रंकेवर पाट ठेवून लिहायचे. आजूबाजूला स्टोव्हची घरघर, कुणाचा तरी रेडिओ, नळावरची भांडणं, पोरांचे पाढे. यातलं काहीही त्यांना टोचत नसे. उलट मधेच मान वर करून ते विचारायचे, "जनाकाकू, तुमच्या सासूनं पहिल्या दिवशी तुम्हाला काय म्हटलं होतं?" आणि जनाकाकू आत भाकरी थापता थापता सांगायची. तिचा हात थांबत नसे आणि दादांचाही.

कथा पुरी झाली की रविवारी सकाळी वाचन व्हायचं. अंघोळी आटोपलेल्या, घरोघर मटण शिजायला लागलेलं, पॅसेजभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास. दादा ट्रंकेवर बसायचे, बायका उंबऱ्यांवर, पुरुष भिंतीला टेकून. वाचताना लोक सरळ मधे बोलायचे. जनाकाकूला वाचता येत नव्हतं, पण तिच्यावरची कथा वाचली गेली तेव्हा तिने दादांना तिथल्या तिथे थांबवलं. "माणिक, लुगडं हिरवं न्हवतं. मोरपंखी व्हतं. मोरपंखी लिव्ह." दादांनी हिरवं खोडून मोरपंखी लिहिलं आणि पुढे वाचायला लागले. ज्याच्यावरून कथा घेतलेली असायची तो माणूस सगळ्यांत शेवटी बोलायचा. हा नियम कुणी केलेला नव्हता, पण तो मोडल्याचं मला आठवत नाही. त्या माणसाने नको म्हटलं तर कथा ट्रंकेत जायची. शेजारच्या शंकरमामांची गिरणी बंद पडली त्या दिवसांवरची कथा अशीच ट्रंकेत गेली. दादांचा कचेरीतला एक मित्र हळहळला होता. इतकी उत्तम कथा तू नुसती ठेवून देतोस, असं तो म्हणाला. दादा म्हणाले, "उत्तम आहे. पण शंकरची आहे."

पुढे मी वर्तमानपत्रात कामाला लागले. बातमी छापायच्या आधी ज्याच्याबद्दल ती आहे त्याला विचारायचं असतं, हे वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला ते नवं नव्हतं.

काकांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा खोलीत जागा करावी लागली आणि दादांनी कचेरीकडून कर्ज काढून शांती नगरात तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. आईला घर आवडलं. नळाला घरातच पाणी होतं, ओट्यासमोर खिडकी होती. ती परभणीकडची, लग्नानंतर थेट चाळीत आलेली. स्वतःचं असं दार तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि पहिल्या सकाळी तिने ते दार दगड लावून उघडं ठेवलं. दुपारपर्यंत तीन शेजाऱ्यांनी बेल वाजवून सांगितलं, "भाभीजी, आपका दरवाजा खुला रह गया." आई तिघांनाही म्हणाली, "हां, खुलाच है." चौथ्या वेळी कुणी बेल वाजवली नाही. नुसतं बाहेरून ओढून घेतलं, कुलूप खटकन लागलं आणि गच्चीवर पापड घालायला गेलेली आई बाहेर अडकली. दादा कचेरीतून येईपर्यंत ती जिन्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून आमचंही दार बंद राहू लागलं.

दादांनी टेबल आणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लिहायला टेबल होतं. आधी ते खिडकीशी लावलं, मग भिंतीशी, मग कपाट सरकवून कोपऱ्यात. एका रविवारी ते उचलून स्वयंपाकघरात नेलं, तेव्हा आई म्हणाली, "आता मला भाकरी करायला बाहेरच्या खोलीत बसवता का?" टेबल परत आलं. दादा खुर्चीत बसायचे, उठायचे, दार उघडून जिन्यात डोकवायचे, परत बसायचे. सकाळी दहानंतर इमारतीत पंख्यांचा आणि पाण्याच्या पंपाचा तेवढा आवाज असे. "इतकी शांतता कशाला पाहिजे माणसाला," असं ते एकदा म्हणाले. ट्रंक माळ्यावरून काढून तिच्यावर पाट ठेवूनही त्यांनी पाहिलं. जमलं नाही. मग ते चालायला जाऊ लागले. नवघरच्या जुन्या घरांमधून, किंवा खाडी ओलांडून पार मुर्ध्यापर्यंत, जिथे तेव्हा मिठागरांचे बांध होते आणि जाळी वाळत घातलेली असायची. येताना चपलांना चिखल आणि हातात सुके बोंबील. "काही सुचलं?" असं आई विचारत नसे. ती बोंबील घ्यायची आणि चपला पाहायची.

रविवारी ते मला घेऊन वरळीला जायचे. चाळीत पॅसेजच्या टोकाला उभे राहायचे. आता तिथे काकांच्या सुनेचं कपाट आलं होतं. लोक चहा द्यायचे, बसा म्हणायचे. पाहुण्यांना म्हणतात तसं.

दिवाळी अंकात लेखकांचा परिचय छापतात, त्यात दादांच्या नावापुढे "वास्तव्य: वरळी, मुंबई" असंच येत राहिलं. संपादकांना नवा पत्ता कळवलेला होता, पण तो फक्त टपालासाठी. पुढे खूप वर्षांनी आमच्या पुरवणीसाठी आम्ही मुंबईतले लेखक कुठे राहतात, कुठे राहत होते, अशी मालिका केली. दादर झालं, पार्ले झालं, गिरगावातल्या दोन खोल्या झाल्या, बोरिवलीपर्यंत यादी आली आणि थांबली. मीरा रोडचं कोणी आहे का, असं बैठकीत एकाने विचारलं आणि कुणीतरी हसलं. मी एक नाव सांगितलं. त्या आठवड्यात जाहिरात वाढली आणि तो भाग गेला नाही.

आमच्या समोरच्या दारात हेमलताबेन राहायच्या. गुजराती जैन कुटुंब. नवरा रमणिकभाई लोखंडबाजारात नोकरीला, मुलं लग्न होऊन दुसरीकडे. दाराला मण्यांचं तोरण, उंबऱ्यावर रोज ताजा साथिया, म्हणजे रांगोळीचं स्वस्तिक. इमारतीत आईशी पहिल्यांदा बोलली ती हीच बाई. दोघींची भाषा म्हणजे हिंदी, पण ती दोघींनी आपापल्या सोयीने बनवलेली. "बेन, वो दळण का डब्बा लाई क्या?" "लाई ने! तमारा भी ले आई." आईने पहिल्या महिन्यातच त्यांना वाटी दिली. परभणीकडे येसराची आमटी करतात, डाळी आणि गरम मसाला भाजून दळलेली, कांदा-लसूण-खोबरं भरपूर. आईने ती वाटीत घालून वर ताटली झाकून समोर नेली. दुसऱ्या दिवशी वाटी सुखडीने भरून परत आली. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे दोघींना सांगावं लागलं नाही. मग ते चालूच राहिलं. इकडून आमटी, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. तिकडून थेपले, खाखरे, गूळ-तुपाची सुखडी. बुद्धपौर्णिमेला आईने गव्हाची खीर केली, गूळ आणि खसखस घातलेली. ती वाटी मी नेऊन दिली.

दादांनी काय पाहिलं ते त्यांनी नंतर सांगितलं, त्यावरून लिहितेय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाण्याची टाकी दिसायची. हेमलताबेन आमची वाटी हातात धरून टाकीमागे गेल्या. परत आल्या तेव्हा वाटी रिकामी होती. टाकीच्या नळाला त्यांनी ती घासून धुतली, उलटी करून झटकली, आणि मगच घेऊन जिना चढल्या. दादा खिडकीशी उभे राहिले ते बराच वेळ. नंतर त्यांनी लक्ष ठेवलं. दोन-तीनदा तेच दिसलं. एकदा, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी, खिरीची वाटी होती, असं ते म्हणाले.

आईला ते काही बोलले नाहीत. टेबलाशी बसले आणि उठले नाहीत. जेवायला हाक मारली तर पाठमोरेच हात करायचे. आई मला खुणेने गप्प बसवायची आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी हसू होतं. काय लिहितायत हे तिला माहीत नव्हतं. कथेचं नाव "परतीची वाटी". तिच्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली एक बाई समोरच्या कांताबेनला जिवाभावाने वाट्या देते, कांताबेन दारात दोन्ही हातांनी वाटी घेते, "बहु सरस" म्हणते, आणि खाली जाऊन उकिरड्यावर उपडी करते. शेवटची वाटी खिरीची असते. देणाऱ्या बाईला हे कधीच कळत नाही. तिच्या नवऱ्याला कळतं. तोरण, साथिया, पाण्याची टाकी, सगळं होतं तसंच होतं. दादांच्या लहानपणी गावात त्यांना पाणी वरून ओतून मिळायचं. त्याच्यावर त्यांनी यापूर्वीही लिहिलं होतं. ही कथा त्याहून चांगली होती. मी आजही तसंच म्हणेन.

"कुणाला वाचून दाखवता?" आईने विचारलं.

"इथं कुणाला मराठी येतं?" दादा म्हणाले.

म्हणून ते ती कथा वरळीला घेऊन गेले. मी बरोबर होते. पॅसेजमध्ये पाच-सहा माणसं जमली. वाचून झालं तेव्हा कुणी मधे बोललेलं नव्हतं. शंकरमामांनी नुसती मान हलवली, बऱ्याचदा. जनाकाकू म्हणाली, "माणिक, खरी हाय रं. पण ही बाई कोन?"

"समोर राहते."

"तिला वाचलीस?"

"तिला मराठी येत नाही, काकू."

"मग तिला कळंल तशी सांग की." दादा कागदांची घडी घालत राहिले. जनाकाकू म्हणाली, "तुला भ्या वाटतंय व्हय तिचं?"

लोक हसले. दादाही हसले. सोमवारी त्यांनी कथा कचेरीतूनच टपालात टाकली.

तळमजल्यावर पोतदारकाका राहायचे. गिरगावातली जागा विकून आलेले, बँकेतून निवृत्त, आणि आपण शहर सोडून इतक्या लांब आलो याचा राग इमारतीतल्या प्रत्येकावर सारखा काढणारे. दिवाळी अंकांची वाचनालयाची वर्गणी भरणारे इमारतीत ते एकटेच होते. अंक आला त्या दिवशी संध्याकाळी रमणिकभाई कामावरून येत होते. पोतदारकाकांनी त्यांना गेटपाशी गाठलं आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या घरचं छापून आलंय." मग उभ्या उभ्या अर्थ सांगितला. रमणिकभाई वर आले ते सरळ सेक्रेटरी मिश्राजींच्या घरी गेले. दुसऱ्या सकाळी समोरच्या उंबऱ्यावर साथिया होता, पण आईने हाक मारली तर दार उघडलं नाही. आईला कारण कळलं ते जिन्यात लावलेल्या सभेच्या नोटिशीवरून. तिने ती दोनदा वाचली. घरात आल्यावर अंक उघडून कथा वाचली. दादा समोर उभे होते.

"वाटी माझी व्हती," आई म्हणाली. "मला तरी इचारायचं."

गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन होतं. वरच्या टाकीच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या, मागे कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. रमणिकभाई पहिल्यांदा बोलले. "मारी वाइफ का पेपर में आया है. कचरे में खाना फेंकती है, ऐसा आया है. अमे लोग खाना फेंकते नहीं. चींटी को भी देते हैं."

"पेपर नहीं, अंक," पोतदारकाका म्हणाले.

"जे होय ते."

मिश्राजींनी घसा साफ केला. ते शाळेत शिक्षक होते आणि सभा म्हणजे वर्ग असं धरून चालत. "माणिकजी, आप लेखक हैं, अच्छी बात है. हमको तो पता ही नहीं था. लेकिन बिल्डिंग की बात बिल्डिंग में रहनी चाहिए. आप लिख के दीजिए कि गलती हुई."

"कथा आहे ती," दादा म्हणाले. मग हिंदीत, "कहानी है. नाम भी अलग है."

"नाव वेगळं, तोरण तेच," पोतदारकाका म्हणाले. त्यांच्या हातात अंक होता, बोट घालून धरलेला. "आणि हे बघा. वास्तव्य: वरळी, मुंबई. राहायचं इथे, लिहायचं इथल्या लोकांवर, आणि पत्ता द्यायचा वरळीचा! आम्ही काय धर्मशाळा आहोत का?"

यावर काही जण हसले. दादांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. मला वाटलं ते उठून जाणार. ते उठले, पोतदारकाकांच्या हातून अंक घेतला, आणि म्हणाले, "इनके सिवा आप में से किसी ने पढ़ा नहीं है. मैं सुनाता हूं. बाद में जो लिखके मांगेंगे, दूंगा. हमारी चाळ में एक रिवाज था. जिसकी कहानी है, वो आखिर में बोलता है."

मिश्राजींनी रमणिकभाईंकडे पाहिलं. रमणिकभाई काही म्हणायच्या आत हेमलताबेन म्हणाल्या, "सुनाओ."

दादा एकेक वाक्य मराठीत वाचायचे आणि हिंदीत सांगायचे. त्यांची हिंदी कचेरीतली होती, अडायची. "भरल्या वाटीची ऊब" इथे ते थांबले तेव्हा आई मागून म्हणाली, "गरम गरम." वाक्य पुढे सरकलं. थोड्या वेळाने लोक मधे बोलायला लागले. टाकीचा नळ तिकडून नाही, इकडून आहे, असं कुणी म्हणालं. वांग्याच्या भाजीचं वर्णन आलं तेव्हा मिश्राजींच्या बायकोने ती कशी करतात ते विचारलं आणि मिश्राजींनी तिला गप्प केलं. उकिरड्याचं वाक्य आलं तेव्हा हेमलताबेननी मान हलवून नाही म्हटलं, पण बोलल्या नाहीत. खिरीची वाटी उपडी झाली, कथा संपली, आणि दादांनी अंक मिटला.

हेमलताबेन उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या. "कांदा था. लसण था. मेरे रसोड़े में जाता नहीं. लेकिन भाभी इतने प्यार से लाती थी, ना कैसे बोलती? फेंका नहीं. टंकी के पीछे वॉचमन बैठता है, उसको दिया. बर्तन बाहर धोया, अंदर ले नहीं सकती ने. पूछते तो बताती."

वॉचमन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले. "हां साब, मैं खाता था," तो म्हणाला. "बहुत तीखा था. अच्छा था."

आता मोठ्याने हसले ते सगळेच, रमणिकभाईसुद्धा. दादा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "और खीर?"

हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

"खीर में कांदा नहीं था, बेन," दादा म्हणाले.

"सूरज ढल गया था," हेमलताबेन म्हणाल्या. "सूरज ढलने के बाद हम खाते नहीं. बासी भी नहीं."

दादांनी वॉचमनकडे पाहिलं. "खीर याद नहीं, साब," वॉचमन म्हणाला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वाटी मी नेली होती. मला जिना आठवत होता, वाटीचा चटका आठवत होता, हेमलताबेननी माझ्या गालाला हात लावलेला आठवत होता. जिन्यातला दिवा लागला होता का, ते आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं. आजही माझ्याकडे त्यापेक्षा जास्त माहिती नाही. वैशाखात सूर्य उशिरा मावळतो, आणि आई खीर सहसा दुपारी करायची. पण त्या दिवशी ती वंदनेला विहारात गेली होती आणि केव्हा परतली हे तिलाही नक्की सांगता आलं नाही.

"छप गया तो छप गया," शेवटी हेमलताबेन म्हणाल्या. "हवे शुं, अब क्या? आगे से पूछ के लिखना." मग म्हणाल्या, "और कांता मत रखना नाम. मेरी सास का नाम था. वो सुनती तो सच में फेंकती."

मिश्राजींनी मामला खतम म्हणून जाहीर केलं. लिहून द्यायचं राहून गेलं. पोतदारकाका अंक परत मागायला आले तेव्हा मिश्राजींच्या बायकोने तो आधीच उचलला होता. त्यातल्या रांगोळ्या तिला पाहायच्या होत्या.

घरी आल्यावर आईने भाकरी टाकल्या. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बसले नाहीत. "उकिरडा मी पाहिला नव्हता," ते म्हणाले. "टाकीमागं काय आहे ते इथून दिसत नाही."

"मग कामून लिवलं?"

"मला माहीत होतं म्हणून." थोड्या वेळाने ते म्हणाले, "इथं चुकलो असेन. पण म्हणून जे जन्मभर पाहिलं ते खोटं होत नाही."

"खोटं कोन म्हनलं? मी म्हनलं का?" आईने भाकरी उलटली. "तुम्ही तिला इचारलं न्हाई, एवढंच म्हनलं. आन मला न्हाई." मग म्हणाली, "खिरीचं मला बी कळंना."

काही महिने वाट्या बंद राहिल्या. दोन्ही दारं लागलेली असत. दादा टेबलाशी बसायचे, उठायचे. वरळीला जाणं मात्र त्यांनी कमी केलं. संध्याकाळी ते खाली टाकीजवळ उभे राहू लागले, वॉचमनशी बोलत, मग मिश्राजींशी, एकदा पोतदारकाकांशीही, गिरगावातल्या त्यांच्या जुन्या जागेबद्दल. हिवाळ्यात त्यांनी पोतदारकाकांवर कथा लिहिली. रविवारी सकाळी गच्चीवर पाच माणसं जमली. पोतदारकाका शेवटी बोलले, आणि इतकं बोलले की दादांना तीन पानं नव्याने लिहावी लागली. त्यानंतर गच्चीवरचं वाचन वर्षातून दोन-तीनदा होत राहिलं. बायका निवडायला तांदूळ घेऊन यायच्या. जनाकाकूही एकदा आली, जिने चढून दमली आणि म्हणाली, "लई उच्यावर बसता रं तुमी लोकं."

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आईने सकाळीच खीर केली. ऊन चांगलं वर आलेलं असताना ती स्वतः वाटी घेऊन समोर गेली. मी आमच्या दारात उभी होते. हेमलताबेननी दोन्ही हातांनी वाटी घेतली, आतून चमचा आणला आणि दारातच एक चमचा खाल्ला. "बहु सरस," त्या म्हणाल्या. मग वाटी घेऊन आत गेल्या आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी वाटी सुखडीने भरून परत आली. त्यापुढे वाट्या पूर्वीसारख्या सुरू झाल्या; आईची आमटी आता बिनकांद्याची असे.

आज दादा नाहीत, हेमलताबेनही नाहीत. इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा त्याच गच्चीवर होतात आणि मी आमच्या घराची सभासद म्हणून त्यांना जाते. खालची टाकीही तिथेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी अनेकदा पाहिलं आहे. तिच्या मागचं काही दिसत नाही, हे खरं आहे.

दादांचा पहिला कथासंग्रह मी कॉलेजात असताना निघाला. कथा निवडायच्या वेळी त्यांनी समोरची बेल वाजवली आणि हेमलताबेनना विचारलं, "वो वाली डालूं क्या, किताब में?" मी मागे उभी होते. हेमलताबेननी विचार केला. "कांदे वाली रखो," त्या म्हणाल्या. "टंकी भी रखो. वॉचमन भी डालो. खीर निकाल दो."

दादा ठीक है म्हणाले आणि घरात आले. पुढचे कित्येक दिवस ते कथेचे कागद काढत आणि ठेवत होते. खीर काढलेला एक खर्डा त्यांनी केला. तो आईला वाचून दाखवला, मग मला. नंतर दोन्ही खर्डे घडी करून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले, शंकरमामांच्या कथेबरोबर.

पुस्तकाची मुद्रितं मी तपासली. "परतीची वाटी" त्यात नाही. मनोगताच्या शेवटी डाव्या बाजूला ठिकाण छापलं आहे: शांती नगर, मीरा रोड.